बाम्बेर्ग, ल्यूबेक की ग्योर्लिट्झ?

जर्मनीची पहिली फेरी बहुतेकांची ठरलेली असते: म्युनिक, नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, बर्लिनची भिंत, जमलं तर ऱ्हाइनवरची बोट. प्रश्न पडतो तो दुसऱ्या फेरीला. किंवा मुलगी-जावई तिकडे नोकरीला असतात, आई-बाबा दोन महिने राहायला येतात आणि पंधरा दिवसांत मोठी शहरं बघून संपतात. कोणी असं विचारलं की मी तीन नावं सांगतो: बाम्बेर्ग, ल्यूबेक आणि ग्योर्लिट्झ. तिन्ही जुनी आहेत आणि तिन्ही पायी फिरता येतात. बाम्बेर्गवर बिशपांची छाप आहे, ल्यूबेकवर व्यापाऱ्यांची आणि ग्योर्लिट्झवर सीमारेषेची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात एकच दिवस असेल आणि मुक्काम नुरेम्बर्ग किंवा म्युनिककडे असेल, तर बाम्बेर्ग. सोबत गुडघे दुखणारी ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं असतील, तर ल्यूबेक. आणि दोन रात्री काढता येत असतील, इतिहासात रस असेल, तर बाकी दोन्ही सोडा आणि ग्योर्लिट्झला जा.

बाम्बेर्ग सात टेकड्यांवर पसरलेलं आहे, म्हणजे चढ आलाच. सम्राट दुसऱ्या हाइनरिशनं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथं कॅथेड्रल उभारलं. आज दिसतं ते 1237 सालचं. आत शिल्पकार तिल्मान रीमेनश्नायडरनं कोरलेली हाइनरिश आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची समाधी आहे, आणि पोप दुसरा क्लेमेंट याचं थडगंही इथंच आहे. जर्मनीत पोपचं दुसरं थडगं नाही. खाली रेग्निट्झ नदीच्या मधोमध जुनी नगरपालिका उभी आहे. बिशपनं नगरवासीयांना इमारतीसाठी वीतभर जमीन दिली नाही, म्हणून त्यांनी नदीतच खांब ठोकून बेट तयार केलं, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो-नसो, पुलावर उभं राहिल्यावर ती पटते. एका बाजूला टेकडीवर बिशपची सत्ता, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ आणि मधल्या पाण्यात नगरपालिका.

इथली धुरकट बिअर हा वेगळा विषय आहे. पूर्वी माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणलेलं धान्य, उघड्या आगीवरच वाळवत. बाकीच्यांनी ती पद्धत सोडली, बाम्बेर्गच्या श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोन जुन्या ब्रुअरींनी बीचच्या लाकडाच्या धुराची पद्धत टिकवली. पहिल्या घोटाला धूर नाकात जातो आणि ग्लास बाजूला सारावासा वाटतो. सारू नका, अर्धा ग्लास होईपर्यंत चव बसते. बिअर घेत नसाल तर त्या वेळात गेर्टनरष्टाट भागात चक्कर मारा. शहराच्या पोटात अजून भाजीचे मळे आहेत आणि 1993 साली युनेस्कोनं जुन्या शहरासोबत या भागालाही जागतिक वारसा ठरवलं. बाम्बेर्गची खोट एकच: दुपारी क्रूझवाले आणि बसवाले गट एकदम उतरतात, आणि नदीकाठच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. सकाळी नऊच्या आत पोहोचा.

ल्यूबेकचं जुनं शहर पाण्यानं वेढलेल्या बेटावर आहे आणि बरंचसं सपाट आहे. हान्झा या व्यापारी संघाची ही राणी. ल्यूनेबुर्गचं मीठ इथून स्कँडिनेव्हियाला जाई, कारण तिकडच्या हेरिंग माशांना मीठ हवं होतं. त्या पैशातून या लाल विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. 1478 साली पूर्ण झालेली होल्स्टेन वेस वजनानं खचून किंचित कललेली आहे, आणि तिच्या शेजारी मिठाची जुनी गोदामं अजून रांगेत उभी आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी सेंट पेट्री चर्चच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे. वरून सगळं बेट दिसतं.

पण ल्यूबेकला जाऊन एकच गोष्ट बघायची असेल, तर मारियन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी जा. मार्च 1942 मध्ये, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, रात्री ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात मनोरा पेटला आणि घंटा खाली कोसळल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत: फुटलेले जाड तुकडे, आणि त्यांच्याखाली आदळून भेगाळलेली फरशी. चर्च पुन्हा बांधलं, साडेअडतीस मीटर उंच विटांचं छत पुन्हा उभं केलं, पण या कोपऱ्याला कोणी हात लावला नाही. युद्धाबद्दल जर्मन लोक स्वतःशी कसे बोलतात, हे मला इथं जितकं कळलं तितकं कुठल्याही मोठ्या संग्रहालयात कळलं नाही. याच चर्चमध्ये संगीतकार बुक्स्टेहुडेचं ऑर्गनवादन ऐकायला तरुण बाख, पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार, 1705 साली दूरच्या आर्नश्टाट गावाहून चालत आला होता. कादंबरीकार टोमास मान आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झालेले विली ब्रांट याच गावचे. मुलं कंटाळली तर ट्राव्हेम्युंडेचा समुद्रकिनारा लोकल गाडीनं जवळच आहे.

आता ग्योर्लिट्झ. जर्मनीचं हे अगदी पूर्वेचं शहर, आणि मला तिघांत सर्वांत जवळचं. महायुद्धात ते जवळपास शाबूत राहिलं. गॉथिक, रेनेसाँ, बरोक अशी चार हजारांवर संरक्षित घरं इथं आहेत. पण 1945 साली नाइसे नदी हीच सीमा ठरली आणि शहराचा पूर्वेचा तुकडा पोलंडमध्ये गेला. आज त्याचं नाव झ्गोझेलेत्स. युद्ध संपायच्या आदल्या दिवशी, 7 मे 1945 रोजी, जर्मन सैन्यानंच इथला जुना पूल उडवला. तो परत बांधायला 2004 उजाडलं. आज तुम्ही तो दोन मिनिटांत ओलांडता.

पूर्व जर्मनीच्या काळात ही घरं पडायला आली होती. 1995 पासून एक देणगीदार दरवर्षी दहा लाख मार्क, पुढे तेवढ्याच किमतीचे युरो, जुन्या शहराच्या डागडुजीसाठी पाठवू लागला. अट एकच: नाव विचारायचं नाही. 2016 पर्यंत पैसे येत राहिले आणि देणारा कोण, हे कधी जाहीर झालं नाही. उंटरमार्क्टवर कमानीखाली उभे राहून वर बघाल तेव्हा ही गोष्ट आठवा. त्याच चौकात 'कुजबुजती कमान' आहे. तिच्या एका टोकाला दगडातल्या खोबणीशी तोंड नेऊन हळू बोललं की दुसऱ्या टोकाला कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. 1913 चं जुनं डिपार्टमेंट स्टोअर 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'च्या चित्रीकरणात वापरलं गेलं, त्यामुळे सिनेमावाल्यांना गाव माहीत आहे. तरी संध्याकाळी सातनंतर रस्ते शांत होतात. गजबज हवी असेल तर इथं मन रमणार नाही.

शाकाहारी मंडळींना बाम्बेर्गमध्ये सर्वांत अडचण येते. बटाट्याचे गोळे मिळतात, पण त्यावरची ग्रेव्ही मांसाची असते. केजेश्पेत्सले, म्हणजे चीज घातलेला अंड्याचा पास्ता, हा त्यातल्या त्यात मार्ग. ल्यूबेकमध्ये मार्झिपान आहे, बदामाच्या वडीची जवळची नातेवाईक. ग्योर्लिट्झला राहणार असाल तर जेवायला पूल ओलांडा आणि बटाटा-पनीरचे पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या पोलिश करंज्या, मागा. वर बेकनचे तुकडे टाकू नका, हे आधीच सांगायचं. सीमेवर पासपोर्ट तपासू शकतात, तेव्हा तो हॉटेलवर ठेवून निघू नका. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो.

प्रवासाचं म्हणाल तर नुरेम्बर्ग-बाम्बेर्ग आणि हॅम्बर्ग-ल्यूबेक साधारण पाऊण तास, ड्रेस्डेन-ग्योर्लिट्झ सव्वा ते दीड तास. तिन्हीकडे राज्याचं दिवसाचं तिकीट चालतं: बायर्न, श्लेस्विग-होल्श्टाइन आणि झाक्सन. पाच जणांपर्यंत एकत्र प्रवास होतो, म्हणून कुटुंबाला ते परवडतं. मात्र कामाच्या दिवशी बायर्न तिकीट सकाळी नऊनंतरच लागू होतं. बाम्बेर्गला लवकर पोहोचायचं तर शनिवार-रविवार धरा किंवा साधं तिकीट काढा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात आणि रविवारी दुकानं, तेव्हा ग्योर्लिट्झच्या दोन रात्री गुरुवार-शुक्रवारच्या ठेवलेल्या बऱ्या.