होज तपासून बदलायचा की अख्खा सेट काढायचा?

२ सप्टेंबर २०२४ ला हाँगकाँगहून झुरिकला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या ए३५०-१००० विमानात उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाला आग लागल्याची सूचना वाजली. पायलटांनी ते इंजिन बंद केलं, आग विझवणारी बाटली सोडली, समुद्रावर इंधन टाकून दिलं आणि विमान सुखरूप परत आणलं. काउल (इंजिनावरचं झाकण) उघडल्यावर दिसलं की १७ नंबरच्या नोझलकडे (इंधन फवारणाऱ्या तोंडाकडे) इंधन नेणारा होज, म्हणजे लवचिक नळी, फुटलाय. शिवाय आणखी पाच होज धड नव्हते. कुणाची स्टीलची जाळी विसकटलेली, कुणी आत दबलेला. कॅथेने आपली सगळी ४८ ए३५० विमानं तपासायला घेतली आणि त्यातल्या १५ विमानांत भाग बदलावे लागणार असं निघालं.

अशी बातमी आली की मेंटेनन्स प्लॅनिंगच्या खोलीत दोन तट पडतात. एक म्हणतो, काउल उघडा, बघा, खराब असेल तेवढा बदला आणि विमान सोडा. दुसरा म्हणतो, उघडलंच आहे तर सगळेच नवे टाका, पुन्हा डोक्याला ताप नको. ऐकताना दुसराच जास्त काळजी घेणारा वाटतो. मी बहुतेक वेळा पहिल्याच्या बाजूला असतो. एका परिस्थितीत मात्र दुसऱ्याचं मुकाट्याने ऐकतो.

आधी तपासणी. अशा होजांत सहसा आत टेफ्लॉनची नळी, वर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि दोन्ही टोकांना फिटिंग असतं. नळी इंधन धरते, दाब जाळी झेलते. त्यामुळे जाळी सुटली की नळीचे दिवस भरले म्हणायचे. बघायला टॉर्च, आरसा, हात जात नाही तिथे बोरस्कोप (नळीच्या टोकावरचा बारीक कॅमेरा). हात पोचत असेल तर जाळीवरून सुती कापड फिरवायचं. तुटलेली तार असली की ती धागा पकडते. उघडं बोट फिरवायचं नाही हे सगळ्यांना सांगितलेलं असतं, तरी नवा पोरगा एकदा फिरवतोच आणि मग दिवसभर बोटातली कुसळासारखी तार शोधत बसतो. गळतीची खूणही बघायला शिकावी लागते. जेट ए-१ ला, म्हणजे विमानाच्या इंधनाला, रंग असा जवळपास नसतोच, त्यामुळे डाग शोधणारा फसतो. धुळकट, तेलकट पत्र्यावर मध्येच एखादी स्वच्छ धुतल्यासारखी रेघ दिसली तर तिथे थांबायचं.

तपासणीची बाजू भक्कम होते ती दोष बाहेरून दिसणारा असेल तेव्हा. बोइंग ७८७ चं बघा. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान-सुरक्षा संस्थेने आदेश काढला, कारण दोन विमानांत इंजिनाकडे जाणाऱ्या फ्युएल लाइनच्या कपलिंगमधून (पाइपांच्या जोडातून) गळती सापडली होती. पाइप ठीक होते, कपलिंग चुकीची जुळवली होती. म्हणून आदेशही तसाच: ७ दिवसांत लॉकवायर (जोड सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार) नीट आहे ना ते बघा, २१ दिवसांत जुळवणी बरोबर आहे का ते तपासा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा. तिथे सगळे पाइप बदलून नुसतं काम वाढलं असतं.

तपासणी कमी पडते ती आतल्या नळीपाशी. जाळी शाबूत दिसते, आत नळी दबलेली असू शकते. क्लॅम्पखालचा (होज धरून ठेवणाऱ्या पट्टीखालचा) तुकडा दिसत नाही. आणि रात्री तीन वाजता बोरस्कोपच्या पडद्यावर चकाकणारी तार आणि तुटलेली तार यांतला फरक सांगणारा माणूसच असतो, त्याचेही डोळे थकतात.

आता बदलण्याकडे. नवा होज म्हणजे नवा भरवसा, हे अर्धंच खरं. जो जोड वर्षानुवर्षं गळला नाही तो तुम्ही हाताने उघडता. जुनी ओ-रिंग (गळती अडवणारी गोल कडी) फेकून नवी लावायची, टॉर्क द्यायचा (ठरलेल्या जोराने आवळायचं), लॉकवायर बांधायची. काही होजांच्या अंगावर लांबीभर रेघ छापलेली असते. घट्ट करताना ती सर्पिल झाली म्हणजे होजला पीळ बसला, सोडा आणि परत लावा. मग इंजिन चालवून गळती बघा. एका होजला दोन जोड. अख्खा सेट म्हटलं की तेवढ्या वेळा दोन जागी चूक होऊ शकते.

ही भीती कागदी नाही. ५ मे १९८३ ला मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या एल-१०११ चं प्रकरण तेलाचं आहे, इंधनाचं नाही, पण प्लॅनिंगला बसणाऱ्याने ते पाठ करावं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारे भाग) बदलले आणि तिन्हींवर ओ-रिंग लावायची राहिली. हवेत तिन्ही इंजिनांचं तेल गळालं. सगळे वाचले, ते आधी बंद केलेलं एक इंजिन ऐन वेळी पुन्हा सुरू झालं म्हणून. दोन इंजिनांवर समुद्र ओलांडणाऱ्या विमानांसाठी जो नियम आहे, की दोन्ही इंजिनांवर तेच काम त्याच माणसाने एकाच वेळी करू नये, त्यामागचं कारण हेच. तेव्हा ‘आज रात्री दोन्ही इंजिनांचे सगळे होज’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, दोन वेगळ्या टीम आहेत का?

दुसरा धोका चुकीच्या जोडीचा. ऑगस्ट २००१ मध्ये टोरोंटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या ए३३० चं उजवं इंजिन काही दिवसांपूर्वीच बदललं होतं. त्यात फ्युएल पाइप एका मॉडिफिकेशनचा (सुधारित रचनेचा), शेजारचा हायड्रॉलिक पाइप दुसऱ्या मॉडिफिकेशनचा बसला. दोघे एकमेकांना घासत राहिले आणि फ्युएल पाइप अटलांटिकवर फाटला. दोन्ही इंजिनं इंधनाअभावी बंद पडली. विमान सुमारे १९ मिनिटं नुसतं तरंगत जाऊन अझोर्स बेटांवर लाजेसला उतरलं. ३०६ जण वाचले. पाइप जुना झाला म्हणून फाटला नव्हता. स्टोअरमधून होज हातात आला की पार्ट नंबर बरोबर आहे यावर समाधान मानू नका, शेजाऱ्यापासून किती अंतर राहतंय ते मॅन्युअलशी ताडून बघा.

मग सगळे बदलायचे कधी? उत्तर पुन्हा हाँगकाँगच्याच प्रकरणात आहे. युरोपच्या ईएएसए या विमान-सुरक्षा संस्थेने ५ सप्टेंबरला ए३५०-१००० साठी तातडीचा आदेश काढला तो फक्त बघण्याचा: ३ ते ३० दिवसांत हे होज तपासा, खराब असतील ते बदला. आठवड्याभरात त्याच संस्थेने सांगितलं की इंजिन दुरुस्तीच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या एका विशिष्ट सफाई पद्धतीमुळे होज खराब होत असावेत. इथे निर्णय फिरतो. त्या सफाईतून गेलेल्या इंजिनाचे सगळेच होज एकाच द्रावणात बुडून आल्यासारखे धरा. आज पाच वाईट दिसतात, सहावा उद्या दिसेल. अशा इंजिनाला मी संपूर्ण सेट मागवीन, आणि होज येईपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बघत राहीन. ज्या इंजिनाच्या नोंदीत ती सफाई नाही, तिथे एकदा नीट तपासणी. थोडक्यात, आधी काउल उघडू नका, आधी शॉप व्हिजिटची (इंजिन दुरुस्तीला गेलं होतं त्याची) फाइल उघडा.

पैशाबद्दल लोक उगाच जास्त बोलतात. होजच्या किमतीपेक्षा विमान जमिनीवर बसल्याचं महाग पडतं आणि एखादा दोष पूर्ण ताफ्यात निघाला की सगळ्या कंपन्या त्याच होजसाठी एकाच दारात उभ्या असतात. सेट हातात नसताना ‘सगळे बदलू’ हा निर्णय कागदावरच राहतो. आपल्याकडे एअर इंडियाने आणलेली ए३५०-९०० विमानं वेगळ्या ताकदीच्या, एक्सडब्ल्यूबी-८४ इंजिनांची आहेत, तो पहिला आदेश त्यांना लागू नव्हता. कॅथेने मात्र आपली ए३५०-९०० विमानंसुद्धा तपासली होती, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. बघायला जोड उघडावा लागत नाही.

काही असो, काढलेला होज भंगारात टाकू नका. दोन्ही तोंडांना कॅप लावा, कुठल्या इंजिनाचा, कितव्या नोझलचा आणि कुठलं टोक वर होतं हे टॅगवर लिहा, वळण आहे तसं ठेवून पिशवीत घाला. सरळ करायला जाल तर टेफ्लॉनला तिथेच घडी पडते, आणि लॅबवाल्याला ती घडी इंजिनात पडली की तुमच्या हातात, ते कळत नाही.