अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये ‘१०.८’ आलं, पुढे? पुण्यातल्या फीटल मेडिसिन सेवेचं परीक्षण

‘लॅटरल व्हेंट्रिकल १०.८ मिमी, माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगाली, फीटल मेडिसिन ओपिनियन घ्यावं’ (गर्भाच्या मेंदूतली बाजूची पाण्याची पोकळी जरा रुंद आहे) अशी ओळ बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आली की दोन-चार दिवसांत जोडपं ज्या सेवेच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाचे आजार बघणाऱ्या फीटल मेडिसिनच्या, दारात उभं राहतं, तिचं हे परीक्षण. ते कुठल्याही एका केंद्राचं नाही. पेठेत जा, कोथरूडला जा की पिंपरीला, क्रम साधारण तोच असतो: मेंदूची सविस्तर सोनोग्राफी (न्यूरोसोनोग्राफी), गर्भजल तपासणी, लागला तर एमआरआय, समुपदेशन आणि शेवटी बाळंतपण कुठे करायचं याचा निर्णय. यातलं काय पैसे वसूल करतं आणि काय ढिलं आहे, ते पाहू.

आधी आकडा. प्रत्येक गर्भाच्या मेंदूत पाण्याच्या पोकळ्या असतात. बाजूच्या पोकळीची मागची रुंदी, म्हणजे एट्रियम, साधारण ७ ते ८ मिमी भरते आणि चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत फारशी बदलत नाही. त्यामुळे सीमारेषा सगळ्या आठवड्यांना एकच: १० मिमी. १० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम, १५च्या वर तीव्र. सौम्य वाढ असेल आणि सोबत दुसरं काहीच सापडलं नाही, तर ९० टक्क्यांहून जास्त मुलांची वाढ नेहमीसारखी होते. मध्यम गटात हा आकडा वेगवेगळ्या अभ्यासांत ७५ ते ९३ टक्के येतो. १५च्या वर चित्र पालटतं: इतर दोष नसतानाही, वाचलेल्या मुलांत अपंगत्व नसलेली साधारण ४० टक्के. म्हणजे ‘मेंदूत पाणी’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या बातम्या असतात. कोणती आपली, हे पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगणारं केंद्र चांगलं.

ही सेवा घ्यायची ती मुख्यतः मोजमाप पुन्हा करून घेण्यासाठी. ९.७ आणि १०.४ यांतला फरक बऱ्याचदा बाळात नसतो, रेघ कुठे टेकवली यात असतो. रुंदी आडव्या छेदात, मधली रेषा बरोबर मध्यावर ठेवून, कोरॉइड प्लेक्ससच्या (पोकळीतलं पाणी तयार करणाऱ्या भागाच्या) गोळ्याच्या पातळीवर मोजायची. रेघ आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आणि पोकळीच्या लांबीला काटकोनात हवी. छेद तिरका गेला किंवा भिंतीची जाडीही मापात धरली, की आकडा फुगतो. शिवाय प्रोबच्या जवळची बाजू कवटीच्या सावलीत धूसर दिसते. म्हणून घाईत फक्त लांबची बाजू मोजली जाते आणि जवळची तशीच असेल असं धरलं जातं. रिपोर्टमध्ये उजवी आणि डावी असे दोन स्वतंत्र आकडे नसतील, तर ते मागायचेच.

चांगली न्यूरोसोनोग्राफी पोटावरून सुरू होते आणि डोकं खाली असेल तर योनीमार्गाने पूर्ण होते. बाळाच्या टाळूतून बघितलं की उभे छेद मिळतात आणि मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, सलग दिसतो. नेमकं हेच पोटावरून नीट दिसत नाही आणि याच पट्ट्याचा अभाव ‘सौम्य वाढ’ म्हणून निसटतो. या तपासणीने गर्भाला इजा होत नाही. तिच्यासाठी लघवी करून जायचं. उपाशी राहायचं कारण नाही. बाळ पायाळू असेल तर अर्धा तास चालून यायला सांगतात, किंवा आठवड्याने पुन्हा बोलावतात. त्याचा राग धरू नये. डोकं वर असताना पाच मिनिटांत ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळं करणाऱ्यापेक्षा हे बरं.

रिपोर्ट हातात आला की काउंटर सोडण्याआधी वाचा. तिसरी आणि चौथी पोकळी, कॅव्हम (मधल्या रेषेवरची छोटी पोकळी), कॉर्पस कॅलोसम, लहान मेंदूची रुंदी, मागची पाण्याची जागा (२ ते १० मिमी ठीक), पाठीचा कणा, डोक्याचा घेर आणि हृदय, या सगळ्यांची नोंद हवी. पोकळीची भिंत गुळगुळीत आहे की खडबडीत, आजूबाजूला चुन्याचे ठिपके आहेत का, हेही हवं, कारण रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गाचा सुगावा तिथेच लागतो. लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला आणि कपाळाची हाडं आत दबलेली दिसली तर मूळ दोष बहुधा कण्यात असतो, पोकळ्या त्याचा परिणाम म्हणून वाढतात. ‘रेस्ट नॉर्मल’ या दोन शब्दांत हे सगळं उरकणाऱ्या रिपोर्टला आमच्याकडून निम्मे गुणही नाहीत, मशीन कितीही नवं असो. पुण्यात मशीनची जाहिरात खूप दिसते. कोण बघतं आणि किती वेळ बघतं, हे मात्र फोनवर विचारावं लागतं.

जाताना न्यायचं: ११ ते १३ आठवड्यांचा स्कॅन (तारखा त्यावरून पक्क्या होतात), अ‍ॅनोमली स्कॅनचा रिपोर्ट आणि फिल्म, डबल मार्कर किंवा एनआयपीटी (आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांची चाळणी) केली असेल तर तीही, रक्तगट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र. चिठ्ठी आणि ओळखपत्राशिवाय फॉर्म एफ, म्हणजे सोनोग्राफीची सक्तीची सरकारी नोंद, भरला जात नाही. रिसेप्शनवर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्याने त्यांचे हात बांधलेले आहेत.

आता गर्भजल तपासणी, कारण इथे वेळेचं गणित जुळलं नाही तर पुढचं सगळं घसरतं. १५ आठवड्यांनंतर सोनोग्राफीत बघत बारीक सुईने २० ते ३० मिली पाणी काढतात. गर्भपाताचा जादा धोका साधारण हजारात एक ते तीन. डाउन सिंड्रोमसह मोजक्या गुणसूत्रांचा जलद निकाल तीन-चार दिवसांत येतो, पण गुणसूत्रांतल्या बारीक तुटी-वाढी दाखवणाऱ्या मायक्रोअ‍ॅरेला दोन ते तीन आठवडे लागतात. नमुना बऱ्याचदा शहराबाहेरच्या लॅबला जातो, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी किंवा विसर्जनाच्या तोंडावर पाणी काढायचं असेल तर कुरियर कधी निघेल ते आधी विचारा. आईचं रक्तही सोबत घेतात, नमुन्यात तिच्या पेशी मिसळल्या नाहीत ना हे ताडण्यासाठी. आई आरएच निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन हवं, आणि ते आपण होऊन आठवण करणारं केंद्र एक गुण जास्त मिळवतं. पाणी काढल्यानंतर ताप, पाणी जाणं किंवा रक्तस्राव झाला तर सकाळची वाट न बघता जायचं.

एनआयपीटी नॉर्मल आली म्हणून हे टाळावं का? ती चाळणी आहे, निदान नाही, आणि बारीक तुटी-वाढी तिच्यात बऱ्याचशा दिसत नाहीत. निर्णय जोडप्याचाच, पण ‘एनआयपीटी ठीक आहे, गरज नाही’ एवढ्यावर विषय संपवणारा सल्ला अपुरा आहे.

टॉर्च पॅनेल, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची आईच्या रक्तातली तपासणी, हा या सेवेतला सगळ्यात आळशी भाग. सरसकट लिहून दिलं जातं, आयजीएम (ताज्या संसर्गात तयार होणारं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह येतं आणि घर हादरतं. नुसत्या आयजीएमवरून काही ठरत नाही. सीएमव्ही या विषाणूचं आयजीजी (संसर्ग होऊन गेल्याची खूण म्हणून राहणारं प्रतिपिंड) तर आपल्याकडच्या बहुतेक प्रौढ बायकांत पॉझिटिव्हच असतं. अलीकडचा संसर्ग की जुना, हे अ‍ॅव्हिडिटीवरून (प्रतिपिंड किती घट्ट चिकटतं त्यावरून) कळतं. बाळापर्यंत पोचला का, हे गर्भजलाच्या पीसीआरवरून (विषाणूचा अंश शोधणाऱ्या तपासणीवरून) कळतं, आणि त्याचा नकारात्मक निकाल २१ आठवड्यांनंतर, शिवाय संसर्ग होऊन सहा ते आठ आठवडे उलटल्यावरच विश्वासाचा.

गणित असं. स्कॅन १९व्या आठवड्यात झाला, न्यूरोसोनोग्राफी २०व्यात झाली आणि त्याच भेटीत पाणी काढलं, तर मायक्रोअ‍ॅरे २३व्याच्या आसपास हातात. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भातल्या गंभीर दोषासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. त्यापुढे वैद्यकीय मंडळ लागतं. अर्ज केल्यापासून मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. पुण्यात असं मंडळ ससून रुग्णालयात बसतं. ही माहिती कुणाला कुठल्या बाजूला ढकलण्यासाठी नाही. गर्भ ठेवायचा हे ज्यांचं पक्कं आहे त्यांनाही निकाल लवकर हवाच असतो, बाळंतपणाची तयारी त्यावर ठरते. म्हणून अपॉइंटमेंट घेताना ‘गरज पडली तर त्याच दिवशी गर्भजल काढाल का’ हा प्रश्न विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा फोन लावा.

एमआरआयचा आग्रह घरच्यांकडून लवकर होतो. थोडं थांबा. २२ आठवड्यांआधी त्याचा फारसा उपयोग नाही. मेंदूच्या घड्या बघायच्या तर २८ ते ३२ हा काळ चांगला. तज्ज्ञाने न्यूरोसोनोग्राफी नीट केलेली असेल, तर सौम्य-मध्यम एकट्या (सोबत दुसरा दोष नसलेल्या) वाढीत एमआरआय साधारण ५ टक्के गर्भांत नवीन काही दाखवतो. पोकळी १२च्या वर असेल, वाढत असेल किंवा सोनोग्राफीत शंका उरली असेल तर तो करायलाच हवा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक करणारं शिरेतलं औषध, देत नाहीत. अर्धा-पाऊण तास, शक्यतो डाव्या कुशीवर, यंत्राच्या मोठ्या आवाजात पडून राहावं लागतं. मंगळसूत्र, नथ, जोडवी, साडीच्या पिना घरीच ठेवा. जोडवी आयत्या वेळी निघत नाहीत आणि तुमचा नंबर मागे जातो. एमआरआय केंद्र निवडताना यंत्र किती टेस्लाचं (म्हणजे चुंबक किती ताकदीचा) यापेक्षा गर्भाच्या मेंदूचे एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट तिथे आहेत का, हे विचारा.

समुपदेशनात शहराची खरी कसोटी लागते, आणि इथे निकाल संमिश्र आहे. तज्ज्ञ आहेत, एका छताखाली क्वचित भेटतात. सोनोग्राफीवाले ‘न्यूरोसर्जनना दाखवा’ म्हणतात, ते ‘एमआरआय आणा’ म्हणतात, आणि फाइल घेऊन कर्वे रस्त्यापासून बंडगार्डनपर्यंत फिरायचं काम नवऱ्याकडे येतं. फीटल मेडिसिनचे डॉक्टर आणि बालमेंदूतज्ज्ञ एकत्र बसवून देणारी जागा मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्या. तिथे ‘बाळ नॉर्मल होईल ना’ असं विचारलं की उत्तरही गोलमोल येतं. वाढ एकटी आहे की सोबत काही आहे, दोन्ही बाजू की एकच, मागच्या वेळेपेक्षा वाढली का, अजून काय तपासायचं राहिलंय आणि निकाल कुठल्या तारखेला, असे प्रश्न लिहून न्या. दर दोन ते चार आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करतात, आणि तो शक्यतो त्याच हाताने व्हावा. बऱ्याच वेळा पोकळी आहे तशीच राहते किंवा कमी होते, साधारण सहापैकी एकात वाढते.

पाणी कमी करणारी गोळी, काढा, इंजेक्शन यांतलं काही नाही. गर्भातच नळी बसवण्याचे प्रयोग १९८०च्या दशकात परदेशात झाले आणि फायदा दिसला नाही म्हणून थांबले. त्यामुळे ‘गर्भसंस्काराच्या औषधाने पाणी उतरेल’ असं सांगणाऱ्या दुकानाला शून्य. ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, स्कूटर चालवली, हेही कारण नव्हे. सासूबाईंना किंवा आईला एकदा समुपदेशनाला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातली कुजबुज थांबते. पोटातल्या बाळाबद्दल आठवडेच्या आठवडे अधांतरी राहणं सोपं नाही, आणि त्याची विचारपूस करणारी केंद्रं कमी. झोप उडाली, रडू आवरेना, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

लिंगाबद्दल कुणी विचारू नये आणि केंद्रानेही सांगू नये. गुणसूत्रांच्या रिपोर्टमध्ये ती जोडी झाकलेली असते, तो रिपोर्ट अर्धवट नाही.

सौम्य वाढीसाठी सिझर लागत नाही. डोकं खूप मोठं झालं तरच तो प्रश्न येतो. तीव्र किंवा वाढत्या वाढीत मात्र नवजात अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांचे न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवा, आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला तेव्हाच विचारा. जन्मानंतर टाळूतून सोनोग्राफी होते. मग घरी आठवड्यातून एकदा, न ताणल्या जाणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यापर्यंत डोक्याचा घेर मोजून तारखेसह लिहायचा. पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण २ सेमी वाढ अपेक्षित आहे. त्याहून झपाट्याने वाढला, टाळू फुगलेली राहिली, बाळ सारखं उलट्या करू लागलं किंवा डोळे खाली वळलेले दिसले, तर लसीकरणाच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा.