हंपीचा रथ दिवे घाटात चढवला: फोटोपीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ट्रिपचे फोटो एकमेकांत मिसळून एखादं मनातलं चित्र बनवायचंय आणि फोटोशॉपचे दर महिन्याचे पैसे भरायचे नाहीयेत, तर फोटोपी हे फोटो एडिटर बिनधास्त वापरा. ब्राउझरमधे उघडतं, इन्स्टॉलची भानगड नाही, लॉगिनही मागत नाही, आणि फोटोशॉप जरा जरी हाताळलं असेल तरी टूल आणि शॉर्टकट बरेचसे जिथल्या तिथे सापडतात. इव्हान कुत्स्किर नावाच्या माणसाने २०१३ मधे हे आणलं. खर्च जाहिरातींवर निघतो म्हणून बाजूला जाहिरातीची पट्टी असते, छोट्या लॅपटॉपवर ती जागा खाते, पैसे भरले की जाते. नेहमीचं एडिटिंग आपल्याच मशीनवर होतं, फोटो सर्व्हरवर चढत नाहीत, आणि घरच्यांचे चेहरे असलेले फोटो असतात त्यामुळे मला हे फार बरं वाटलं.

आता मी काय केलं ते. दिवे घाट पुणेकरांना सांगायला नको, माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम उरकून सासवडला जाते ती याच घाटाने. माझ्याकडे तिथले वारीचे बरेच फोटो होते, आणि हंपीच्या ट्रिपमधले विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथाचे पण होते, तोच तो पन्नासच्या नव्या नोटेवरचा. आमच्या आजीची आवडती गोष्ट म्हणजे पांडुरंगाची मूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली होती आणि संत भानुदासांनी, म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, ती परत पंढरपूरला आणली. तर मूर्ती आली आणि रथ राहिला तिकडेच, तो आपण आणू, एवढीच आयडिया. (तो खरं तर रथाच्या आकाराचं गरुडाचं देऊळ आहे, हलणार कुठून, पण चित्रात कोण विचारतंय.)

इथे लोक जे समजतात ते उलटं आहे असं माझं मत झालंय. सगळ्यांना वाटतं कापाकापी अवघड, ती नीट जमली की झालं. कापायला फोटोपीत सिलेक्शनची टूल्स भरपूर आहेत आणि मास्क आहे, म्हणजे रथामागचं मंदिर कायमचं पुसायचं नाही, फक्त काळ्या ब्रशने झाकायचं, जास्त झाकलं गेलं तर पांढऱ्या ब्रशने परत आणायचं. संध्याकाळी चहा घेत घेत होऊन जातं. खरी मारामारी उजेडाची आहे. आषाढातलं आभाळ भरलेलं, प्रकाश चारही बाजूंनी सारखा, माणसांच्या सावल्या जवळपास नाहीतच. आणि हंपीचे फोटो बहुतेक सगळे भर उन्हातले, रथाच्या एका अंगाला पिवळा झळाळ आणि चाकांखाली सुरीने कापल्यासारखी काळी सावली. असा रथ घाटात कितीही सफाईने चिकटवा, वाऱ्यावर तरंगतोय असंच दिसणार, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला खुपणारच. कडक सावली काढून टाकणारं बटण फोटोपीत शोधत बसू नका, दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधे असलं तरी दगडावरचं कोरीवकाम त्यात धुऊन निघतं. मी भावाच्या कॅमेऱ्यातला सकाळचा ढगाळ फोटो घेतला, दिसायला अगदी मिळमिळीत, ट्रिपच्या अल्बममधे कोणी लाइक पण केला नव्हता, इथे मात्र तोच चालला. त्यामुळे फोटो निवडताना सुंदर कुठला ते बघू नका, उजेड कुठून येतोय ते बघा.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढला असेल तर सपाट रस्त्यावरची आपल्याएवढ्या उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, त्यांची डोकी क्षितिजाच्या एकाच रेषेत येतात. रथाच्या फोटोत पण ती रेषा काढायची आणि दोन्ही रेषा एकावर एक आणून ठेवायच्या, मग रथ केवढा ठेवायचा ते आपोआप कळतं कारण शेजारी उभा असलेला पर्यटक हीच मोजपट्टी. घाटात चढ असल्यामुळे हे अंदाजपंचेच, पण वळणावरचा जरा सपाट तुकडा धरला तर काम होतं. घाटाच्या वरच्या वळणावरून खाली बघत काढलेला झक्कास फोटो होता माझ्याकडे, तो याच कारणाने बाद, कारण रथ वरून बघितलेला माझ्याकडे नव्हता. आणि रथ फोटोपीत आणल्या आणल्या त्याचा स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवा, मूळ फोटो आत जसाच्या तसा राहतो, दहा वेळा लहानमोठा केला तरी फाटत नाही.

मग रंग. हंपीचा ग्रॅनाइट नारिंगीकडे झुकणारा आणि आपला सह्याद्रीचा बेसाल्ट काळा, त्यात पावसाचा हिरवा-निळा पडदा सगळ्यावर. रथावर कर्व्हजचा (उजेड आणि रंग कमीजास्त करायचं टूल) लेयर, म्हणजे वेगळा थर, क्लिप केला, म्हणजे त्याचा परिणाम फक्त रथापुरता, लाल जरा उतरवला, निळा किंचित चढवला, काळा भाग थोडा फिका केला कारण ओल्या हवेत लांबची वस्तू कधीच गडद काळी दिसत नाही. मागच्या डोंगराकडे बघत बघत करायचं. शेवटी सगळ्यावर मिळून अगदी हलका नॉइज टाकला, भावाचा कॅमेरा आणि माझा फोन यांचा दाणा वेगळा होता तो त्यात झाकला गेला.

सगळ्यात मजा आली ती चाकांखाली. ढगाळ उजेडात लांब सावली पडत नाही पण वस्तू जमिनीला टेकते तिथे एक गडद पट्टा असतोच, तो मल्टिप्लायच्या, म्हणजे खालचं चित्र गडद करणाऱ्या, लेयरवर मऊ ब्रशने, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) एकदम कमी ठेवून, चार-पाच हातांत भरला आणि रथ जो बसला जमिनीवर, मी खुर्चीतून उठून आईला हाक मारली! रस्ता ओला होता म्हणून रथाची कॉपी उलटी करून, ब्लर करून, पुसट प्रतिबिंब पण टाकलं. मग काही वारकरी वेगळ्या लेयरवर घेऊन रथाच्या पुढे आणले, दोन हत्ती असतात ना रथापुढे, त्यातला एक अर्धा झाकला. पताकांच्या कडा सोप्या, पण डोक्यावरची तुळस, बाप रे, एकेक पान आणि मधून दिसणारं आभाळ. रिफाइन एज या बारीक कडा निवडायच्या टूलने बरंचसं होतं, उरलेलं हातानेच. एका तुळशीला मी जितका वेळ दिला तितका अख्ख्या रथाला दिला नसेल.

आभाळ मूळ फोटोत पांढरंफटक होतं, ते सिंहगडावरच्या पावसाळी ढगांनी बदललं. लडाखचं निळंशार आभाळ लावून बघायचा मोह झाला होता, पण चौदा हजार फुटांवरची कोरडी विरळ हवा आणि दिवे घाटातला पाऊस, कसं जमायचं. आभाळ बदलणं हा काही आजचा चावटपणा नाही बरं का, १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून छापायचा, कारण तेव्हाच्या काचा निळ्या रंगाला जास्तच संवेदनशील होत्या, समुद्र नीट आला की आभाळ कोरं पांढरं यायचं. फोटोशॉपमधे लेयर आले ते थेट १९९४ मधे.

फोटोपीबद्दल नावं ठेवायची तर एकच गोष्ट, सगळं ब्राउझरच्या मेमरीत चालतं त्यामुळे कमी रॅमच्या मशीनवर खूप लेयर झाले की जड व्हायला लागतं, बाकीचे टॅब बंद करा आणि मधूनमधून पीएसडी (लेयरसकट जपणारी फाइल) सेव्ह करत रहा. ती पीएसडी फाइल उद्या फोटोशॉपमधे पण उघडते. फोनवर चालतं म्हणतात, चालतं खरं, पण बोटाने तुळशीची पानं कापायची असतील तर तुमच्या सहनशक्तीला नमस्कार. माउस हवाच.

ग्रुपवर टाकताना खाली लिहा की हे रचलेलं चित्र आहे. मी लिहिलं होतं, तरी सोसायटीतल्या एका काकांनी विचारलंच, यंदा रथ दगडी केला का म्हणून. फोटो स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम वाचा, डॉक्युमेंटरी किंवा बातमीच्या विभागात असं जोडकाम सहसा चालत नाही.

प्रिंट सदाशिव पेठेतल्या एका छोट्या लॅबमधून घेतली, २४ बाय १६ इंच, मॅट पेपरवर. ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा, हट्ट धरला तर ७२०० बाय ४८०० पिक्सेल लागतात, फोनच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढे नसतात, पण भिंतीवर लावून सोफ्यावरून बघायचं तर १५० ला ३६०० बाय २४०० पुरतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र घेऊ नका, ज्याने काढला त्याच्याकडून ओरिजिनल डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि मोठी प्रिंट काढायच्या आधी त्याच फाइलची पोस्टकार्डाएवढी काढून बघा. लॅबवाल्या दादांनी फाइल बघूनच सांगितलं, "ताई, स्क्रीन फुल ब्राइट ठेवून केलंय ना? कागदावर काळं येणार." छोटी प्रिंट तशीच आली, काळपट, वारकऱ्यांचे चेहरे बुडालेले. घरी येऊन कर्व्हज थोडे उचलले, दुसरी छोटी प्रिंट बरोबर आली, मग मोठी सोडली.