टियागो ईव्ही, ठाण्यात दोन वर्षं: आधी पार्किंगमधला प्लग बघा, मग गाडी

आम्ही 2024 च्या एप्रिलमध्ये टाटाची टियागो ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) घेतली, 24 किलोवॅट अवर बॅटरीवाली, आणि आता अठरा हजार किमीच्या वर चालवून झालीये, जवळजवळ सगळी शहरातच. घर पाचपाखाडीत, माझं ऑफिस ऐरोलीला, मुलीचा क्लास नौपाड्यात आणि सासूबाईंची फिजिओथेरपी घोडबंदर रोडला. दिवसाला पंचवीस तीस किमी, कधी चाळीस. ओळखीचे बरेच जण विचारतात की छोटी ईव्ही घ्यायचीये, कुठली घेऊ, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न रेंज किती देते, म्हणजे एका चार्जमध्ये किती किमी जाते, हाच असतो. मी पण तिथूनच सुरुवात केली होती म्हणून सांगते, दिवसाला तीस किमी जाणाऱ्या माणसाला 230 आणि 315 किमी रेंजमधला फरक जवळजवळ कळतच नाही, पण रात्री गाडी कुठे लावणार आणि मागच्या सीटवर कोण बसणार हे दोन प्रश्न रोज सकाळ संध्याकाळ समोर येतात.

आमची आधीची पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षं जुनी होती, गिअरची. विटावा ते कळवा नाका या पट्ट्यात क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा इतका दुखायला लागला होता की घरी आल्यावर जिना चढताना रेलिंग धरायला लागायचं. त्यामुळे ऑटोमॅटिक हवीच होती, आणि रोजचं अंतर ठरलेलं म्हटल्यावर ईव्ही बघू असं ठरलं.

पहिल्यांदा बघितली एमजी कॉमेट. खरं सांगायचं तर माझं मन तिच्यावरच बसलं होतं. लांबी तीन मीटरपेक्षा कमी, 2974 मिमी, आणि टर्निंग रेडियस 4.2 मीटर, गोखले रोडच्या गल्लीत ही गाडी रिक्षासारखी वळते, राम मारुती रोडला जिथे कुणी गाडी लावायचा विचारही करत नाही तिथे ती बसते. 2023 मध्ये आली तेव्हा किंमत 7.98 लाखापासून होती, बॅटरी 17.3 किलोवॅट अवर, कंपनीची रेंज 230 किमी. आत बसलं की समोर एवढी मोकळी जागा आहे की गाडी छोटी आहे हे विसरायला होतं. पण दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट पुढे सरकवून, वाकून, एक पाय आत टाकून मग अंग वळवून बसायचं. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला मजा वाटली. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी दार धरून एकदा आत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, मी पुढेच बसेन, मागे तुम्ही बसा." म्हणजे आम्ही चौघं निघालो की मुलगी आणि नवरा किंवा मी कायम मागे चढणार, आणि सासूबाईंची बहीण आली की प्रश्नच मिटला. शिवाय चौघं बसल्यावर सामानाला जागा उरत नाही, मागची सीट पाडली तरच पिशव्या मावतात. एकटं किंवा दोघंच असाल, मुलं मोठी असतील, घरात दुसरी गाडी असेल तर ठाणे मुंबईसाठी याहून सोयीची गाडी मला दिसली नाही, हे मनापासून सांगते. आमच्या घरात ती बसत नव्हती एवढंच.

मग सिट्रोएन ईसी3. जागा छान, डिकी 315 लिटर, बॅटरी 29.2 ची, सीट उंच त्यामुळे सासूबाईंना एकदम आवडली, खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं म्हणाल्या. पण आम्ही शोधत होतो त्याच सुमारास, 2024 च्या मार्चमध्ये, ग्लोबल एनकॅपचा (गाडी धडकवून सुरक्षा तपासतात ती क्रॅश टेस्ट) रिझल्ट आला आणि मोठ्यांच्या सुरक्षेला शून्य स्टार मिळाले. ते वाचल्यावर पुढे बघायची इच्छा राहिली नाही.

पंच ईव्ही नुकतीच आली होती, जानेवारी 2024, किंमत 10.99 लाखापासून, बॅटरी 25 किंवा 35 ची. चालवली आणि आवडलीच, डिकी 366 लिटर, उंची चांगली, पुढे बॉनेटखाली पण छोटा कप्पा. नंतर तिला भारत एनकॅपचे पाच स्टार पण मिळाले. बजेट असेल आणि महिन्यातून दोनदा बाहेरगावी जात असाल तर मोठ्या बॅटरीवाली पंच घ्या, मी स्वतः तीच घेतली असती. आमचं गणित टियागोतच बसत होतं, लोन ओढून घ्यायचं नव्हतं.

टियागो ईव्ही 2022 च्या सप्टेंबरमध्ये आली, सुरुवातीची किंमत 8.49 लाख होती. बॅटरीचे दोन पर्याय, 19.2 आणि 24, तेव्हा कंपनीची रेंज 250 आणि 315 किमी. हे आकडे टेस्टचे आहेत, रस्त्यावरचे नाहीत, हे डोक्यात पक्कं ठेवा. आमची 24 वाली एसी लावून, ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये, 190 ते 200 देते. पावसाळ्यात एसी कमी लागला तर 210. नवऱ्याने चालवली की 180, त्याला स्पोर्ट मोड आवडतो. म्हणजे आठवड्यातून दोनदा चार्ज केली तरी आमचं भागतं.

आता प्लगबद्दल सविस्तर लिहिते कारण खरा त्रास आणि खरं काम इथेच झालं. आमची बिल्डिंग जुनी, चोवीस फ्लॅट, स्टिल्ट पार्किंग. शोरूममध्ये (नाव घेत नाही) सांगितलं होतं की मॅडम घरचा साधा पंधरा अँपचा सॉकेट असला की झालं. ते बरोबर आहे पण अर्धवट आहे. सॉकेट घरात असतो, गाडी खाली असते. पार्किंगमध्ये जो सॉकेट होता तो सोसायटीच्या मीटरवर, त्याचं बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जाणार, आणि त्याला अर्थिंग धड नव्हतं. अर्थिंग नसेल तर गाडी चार्जच घेत नाही, चार्जर लाल लाइट दाखवून थांबतो, आणि ते योग्यच आहे कारण ओल्या फरशीवर उभं राहून प्लग लावायचा असतो.

मग काय केलं, तर मीटर रूममध्ये आमच्या फ्लॅटच्या मीटरपासून वेगळी लाइन काढली, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, पाइपातून, साधारण चाळीस मीटर, पार्किंगच्या खांबावर एक कुलूपवाला बॉक्स, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त लोड आला किंवा करंटची गळती झाली की वीज तोडणारे स्विच), इंडस्ट्रियल सॉकेट आणि सबमीटर. अर्थिंगचा नवीन खड्डा केला. सगळं मिळून चौदा हजार. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन घ्या, दोन तीन हजार जास्त गेले तरी घ्या, ही लाइन चार्जिंगच्या रात्री सात आठ तास पूर्ण लोडवर चालते, गिझरसारखी पंधरा मिनिटं नाही. हलकी वायर टाकली तर सॉकेट वितळतो, आणि मग सगळी बिल्डिंग ईव्हीला नावं ठेवते.

कमिटीची परवानगी मिळायला अडीच महिने लागले. चेअरमन काकांना आगीची भीती वाटत होती आणि मला ती भीती चुकीची वाटली नाही, खाली पंधरा स्कूटर उभ्या असतात, वर लहान मुलं राहतात. वाद घालण्यापेक्षा मी इलेक्ट्रिशियनलाच मीटिंगला घेऊन गेले, त्याने कागदावर काढून दाखवलं की लाइन कुठून जाणार, गळती झाली तर आरसीसीबी कसा लगेच पाडतो, आणि मेन स्विच कुणाच्या हाताशी असेल. ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या गाइडलाइनची प्रिंट पण दिली, त्यात स्पष्ट लिहिलंय की घरच्या असलेल्या कनेक्शनवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. त्यानंतर काकांचा विरोध मावळला, उलट फायर एक्स्टिंग्विशर खांबाजवळ हलवा असं त्यांनीच सुचवलं. सगळ्या सोसायटीने मिळून करायचं असेल तर महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं, चार पाच गाड्या झाल्या की तेच सोयीचं पडेल.

खर्चाचं बघू. माझ्या सबमीटरवर महिन्याला साधारण 95 युनिट जातात, गाडी 750 किमीच्या आसपास चालते. एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती, हे युनिट घरच्या वापरावर चढतात त्यामुळे वरच्या स्लॅबमध्ये जातात, म्हणजे हिशोब करताना बिलाचा सरासरी दर धरू नका, शेवटच्या स्लॅबचा धरा, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा. आमचं बिल चौदाशे पंधराशेनी वाढलं. जुनी गाडी तेवढ्याच अंतराला साडेपाच हजाराचं पेट्रोल प्यायची. फरक महिन्याला चार हजार. पण हे घरी चार्ज केलं तर! बाहेरच्या फास्ट चार्जरवर रोज अवलंबून राहिलात तर ही बचत खूपच कमी होते, आणि वेळ जातो तो वेगळाच.

फास्ट चार्जरला दहा ते ऐंशी टक्के व्हायला टियागोला तासभर लागतो. आम्ही पुण्याला तीनदा गेलो, खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात, ठाण्याहून फुल भरून निघालो की पुण्यात पोचताना वीस पंचवीस टक्के उरतात, म्हणून वाटेत अर्धा तास थांबून थोडी भरून घेतो. एकदा ॲपवर चालू दिसणारा चार्जर तिथे पोचल्यावर बंद निघाला, दुसऱ्यावर दोन गाड्या रांगेत, सासूबाई सोबत, ऊन डोक्यावर. त्या दिवसापासून कुठेही निघताना दोन चार्जर मनात धरून निघते आणि तीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. 2025 च्या राज्याच्या ईव्ही धोरणात एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर ईव्हीला टोलमाफी दिलीये, ती उपयोगाची आहे. मुंबईच्या एंट्री पॉइंटचा टोल मात्र ऑक्टोबर 2024 पासून सगळ्याच छोट्या गाड्यांना माफ आहे, तो ईव्हीच्या फायद्यात मोजू नका.

चालवायला कशी आहे? ट्रॅफिकमध्ये सुख आहे. कापूरबावडीला चाळीस मिनिटं अडकले तरी इंजिनची थरथर नाही, एसी चालू, नुसता ब्रेकवरून पाय उचलला की गाडी सरकते. रीजन (वेग कमी होताना बॅटरी थोडी भरणारं ब्रेकिंग) तीन लेव्हलला ठेवते, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की वेग आपोआप उतरतो, ब्रेक फार कमी लागतो. सुरुवातीला मागे बसणाऱ्याला धक्के बसतात, मुलीला एकदा मळमळलं, मग पाय हळू उचलायची सवय केली. नवशिक्यांनी एक लेव्हलपासून सुरू करा. आणि हो, माझा गुडघा बरा आहे, गेलं वर्षभर बाम लावलेला नाही.

एक काळजी सांगते. गाडीचा आवाज येत नाही. नौपाड्याच्या गल्ल्यांत म्हातारी माणसं रस्त्याच्या मधून चालतात, मागून गाडी आलीये हे त्यांना कळतच नाही, आणि हॉर्न दिला तर दचकतात. मी लांबूनच वेग कमी करते आणि वाट बघते. घरात नवीन चालवणारं कुणी असेल तर हे त्याला आवर्जून शिकवा.

पावसाचं सगळे विचारतात. बॅटरीला आयपी 67 रेटिंग आहे, म्हणजे पाण्यात काही वेळ बुडली तरी आत पाणी जायला नको. तरी वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं की मी गाडी नेत नाही, पाण्याखाली खड्डा कुठे आहे हे रेटिंगला माहीत नसतं. दोन पावसाळे झाले, गाडी उघड्यावर पण चार्ज केलीये, प्लगवर झाकण नीट बसलंय ना एवढं बघते.

कमी काय आहे तर मागे एसीचे व्हेंट नाहीत, मे महिन्यात मागच्यांना गार व्हायला वेळ लागतो. स्टेपनी नाही, पंक्चर किट मिळतं. गेल्या जुलैत घोडबंदरला टायरची साइडवॉलच फाटली, किटचा काही उपयोग नाही, गाडी टो करून न्यावी लागली. बॅटरीमुळे गाडी जड आहे आणि रस्ते असे, त्यामुळे हवा दर पंधरा दिवसांनी तपासते, टायर चौदा इंची आहेत ते कुठल्याही दुकानात मिळतात हे बरं आहे. बॅटरी आणि मोटरला आठ वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी आहे, पण त्यासाठी सर्व्हिस वेळेवर करायला हवी, अटी सही करायच्या आधी वाचून घ्या.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर न्या, त्यांना स्वतःच्या स्वतः मागे बसू द्या, उतरू द्या, दोनदा. सासूबाईंनी टियागोत बसून खिडकी खाली केली, वर केली, पर्स मांडीवरून शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्यात बहिणीला पण घेता येईल." बुकिंग त्याच दिवशी केलं.