नालीकाठचा वाळा: वीस महिन्यांनंतर

जुलै 2023च्या पहिल्या आठवड्यात लावलेला वाळा, म्हणजे वासाच्या मुळांचं ते उंच गवत, आता वीस महिन्यांचा झाला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, जमीन काळी भारी. घरामागं मोरीचं पाणी जायची नाली आहे. तिचा काठ दर पावसाळ्यात वीतभर ढासळायचा. काठ धरला जावा आणि कूलरच्या ताट्यांना घरची मुळं मिळावीत, असा दुहेरी लोभ होता.

साठ ठोंब आणले. त्यातल्या चौदांना मूळच नव्हतं, नुसती हिरवी काडी. पंधरा दिवसांत वाळल्या. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे पाणी कमी पडलं असेल. इकडं तेव्हा आठवडाभर झड लागलेली! ठोंब घेताना बुडाशी दोन बोटं तरी पांढरी मुळं आहेत का, ते पाहूनच पैसे द्या.

लावताना पात वीतभर ठेवून वरची कापली आणि दोन ठोंबांत अर्ध्या फुटाचं अंतर ठेवलं. दाट कुंपण लवकर हवं म्हणून इतकं जवळ. नुसत्या शोभेसाठी अंगणात लावायचा असेल तर दोन-अडीच फूट सोडा, म्हणजे एकेक पुंजका कारंज्यासारखा वेगळा दिसतो.

पहिलं वर्ष दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. कोवळी पात शेजारच्या बकऱ्यांनी दोनदा साफ केली, तरी बुडातून पुन्हा फुटली. खरी वाढ दुसऱ्या पावसाळ्यात झाली. ऑगस्टमध्ये गवत माझ्या डोक्यावर गेलं आणि पुढं जांभळट तुरे आले. सकाळचं ऊन मागून पडलं की ते तुरे तांबूस दिसतात. तुरे पाहून आमचे हे घाबरले, म्हणाले बी पडून हे वावरात शिरेल. तसं काही झालं नाही. लागवडीच्या वाळ्याला रुजणारं बी जवळपास धरतच नाही आणि हरळीसारखा तो जमिनीखालून पसरतही नाही. उत्तरेकडच्या रानटी वाळ्याचं बी मात्र रुजतं, म्हणून ठोंब कुठले आहेत ते विचारून घ्या.

एक गंमत. शेजारची सून चार पाती घेऊन गेली आणि संध्याकाळी परत आली, "अवो काकू, चहात टाकला तं वासच नाई!" तिला तो गवती चहा वाटला होता. वाळ्याच्या पातीला वास नसतो, सगळा वास मुळात. वेट्टिवेर या तमिळ नावाचा अर्थच खणून काढलेलं मूळ.

उन्हाळ्यात नालीजवळचे पुंजके हिरवे राहिले. टोकाकडच्या कोरड्या भागातले पिवळे पडले, पण पहिल्या पावसात पुन्हा फुटले. कडुनिंबाखालचे चार मात्र आजही मरतुकडेच आहेत. सावली या गवताला चालत नाही. वर्षातून दोनदा हातभर उंची ठेवून विळ्यानं कापते. कापलेली पात लिंबाच्या आळ्यात अंथरते. मधली वाळकी पात काढायचा कंटाळा केला तर उधई लागते.

आता मुळांचं. फेब्रुवारीत एक पुंजका खणायला घेतला. काळी माती तोवर दगड झालेली. सब्बल घेऊन दोन तास गेले, कमरेइतका खड्डा झाला, तरी मुळं खाली जातच होती. ओढली की तुटायची. शेवटी पसाभर हाती लागली. ती धुतली तेव्हा मात्र पहिल्या सरीसारखा वास घरभर झाला. फडक्यात बांधून पुरचुंडी माठात टाकली. पण जिथं खणलं, तिथला काठ पुढच्याच आठवड्यात नालीत आला. म्हणजे काठ धरायचा असेल तर मुळांना हात लावायचा नाही.

सुदैवानं मागच्या जुलैत एक पुंजका फोडला होता. जागा उरली नाही म्हणून सहा ठोंब खताच्या रिकाम्या चुंगड्यांत लावले, निम्मी रेती, निम्मं शेणखत आणि माती. मुळांसाठी हीच रीत बरी, चुंगडी फाडली की माती झटकायची. एकीच्या शिवणीतून पांढरी मुळं बाहेर आली आहेत, पण जाड व्हायला दीड वर्ष तरी लागतं. त्यामुळं या उन्हाळ्यात कूलरला बाजारचंच गवत.