एका ‘झेड’ने खाल्लेलं डोकं: वेबसाइट कनेक्टर सात महिने वापरल्यावर

आमची साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे. तिथले लेख आणि त्यातले बदल आपोआप आमच्या डेटाबेसमध्ये यावेत म्हणून एक रेडीमेड कनेक्टर घेतला. नाव लिहीत नाही, त्यांच्या सपोर्टकडे तक्रारीचं तिकीट अजून चालू आहे. फीचर्सची यादी तुम्ही वाचलेली असणारच, ती परत उगाळत नाही.

सेटअपला अर्धा दिवस गेला, पण त्यात दोष आमचाच. अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड, बनवला (वर्डप्रेस ५.६ पासून आतच आहे, वेगळं प्लगिन लागत नाही). तो २४ अक्षरी पासवर्ड एकदाच दिसतो आणि मी शहाण्यासारखा टॅब बंद केला, मग परत बनवला. नंतर ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’चा एरर. तासभर पासवर्डच निरखत बसलो आणि शेवटी कळलं की आमचा सर्व्हर ऑथरायझेशन हेडर (रिक्वेस्टबरोबर पासवर्ड नेणारा भाग) मधल्या मध्ये गिळतोय, वर्डप्रेसपर्यंत तो पोचतच नाहीये. कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकली, चालू. कस्टम पोस्ट टाइप (आम्ही बनवलेले लेखांचे वेगळे प्रकार) दिसेनात, तर आमच्याच कोडमध्ये ‘शो इन रेस्ट’ (बाहेरच्या प्रोग्रॅमला तो प्रकार दाखवायची सेटिंग) ट्रू केलेलं नव्हतं. एका रिक्वेस्टला १०० च्या वर लेख मिळत नाहीत, ते वर्डप्रेसचंच लिमिट, आणि कनेक्टर पानं बरोबर उलटतो.

पहिले दोन महिने मी याचं कौतुक करत फिरत होतो. सिंक (नवे बदल ओढून आणणं) रात्री एकदाच ठेवला होता, कारण यांचा प्लॅन रेकॉर्ड मोजतो, आणि तोच लेख बदल नसताना परत आणला तरी तो मोजला जातो. काटकसर म्हणा नाहीतर कंजूषपणा. तिसऱ्या महिन्यात संपादकांना आकडे दिवसभर ताजे हवे झाले म्हणून सिंक दर तासाला केला, आणि तिथून लेख गळायला लागले.

गळायचे पण कसे, तर सकाळचं पहिलं एडिट यायचं, दुपारचं नाही, संध्याकाळचं परत यायचं. एरर शून्य, डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. सपोर्टला लिहिलं तर उत्तर, ‘सर, तुमच्या कॅशिंग प्लगिनमुळे होत असेल.’ कॅशिंग (पानांच्या तयार प्रती ठेवून साइट वेगात चालवणं) बंद केलं, साइट रडायला लागली, लेख गळतच राहिले. मग ‘सर, पूर्ण रिसिंक करून बघा.’ म्हणजे सगळे रेकॉर्ड परत मोजणार, आणि तेही माझ्या खात्यावर! केलं नाही.

शेवटी डीबग लॉग चालू केला. (हा लॉग मात्र भारी आहे, प्रत्येक रिक्वेस्ट जशीच्या तशी दिसते, त्यासाठी एक स्टार वाढवला.) वर्डप्रेस प्रत्येक लेखाला बदलाच्या दोन वेळा देतं, एक साइटच्या घड्याळाची आणि एक जीएमटीची, आणि दोन्हींच्या शेवटी टाइमझोन लिहिलेला नसतो. कनेक्टर साइटच्या घड्याळाची वेळ उचलत होता आणि पुढच्या वेळी ‘यानंतर बदललेलं दे’ असं विचारताना तिच्या शेवटी झेड चिकटवत होता. झेड म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ, थोडक्यात जीएमटीच. आमची साइट यूटीसीच्या पुढे, त्यामुळे सकाळी ११ चं एडिट आणलं की पुढची विचारणा थेट दुपारनंतरच्या बदलांची, मधलं सगळं पाण्यात. संध्याकाळचं एखादं एडिट ती वेळ ओलांडून यायचं आणि ‘इथपर्यंत वाचलं’ ही कनेक्टरची खूण अजून पुढे सरकायची, म्हणजे दुपारची एडिट्स कायमची गेली. रात्रीच्या सिंकमध्ये हे कळलंच नाही, कारण दिवसभराची एडिट्स एकदम यायची आणि उशिरा रात्री आमच्याकडे कुणी काही बदलत नाही. एक अक्षर! मी घरी जेवताना पण झेडबद्दल बोलायला लागलो होतो.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. त्याच रागात मी अजून एक तिकीट ठोकलं होतं की कस्टम फील्ड (लेखाला जोडलेली जादा माहिती) बदलली तरी लेख येत नाही. ते माझंच चुकलं. आमची स्क्रिप्ट फील्ड थेट मेटामध्ये लिहिते, लेख सेव्ह करतच नाही, मग बदलाची तारीख हलणार कशी? ते तिकीट मीच बंद केलं, माफी मागून.

झेडवर तात्पुरता उपाय अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सापडला, ‘लुकबॅक’. दर वेळी काही तास मागे जाऊन वाचतो. लेख यायला लागले, पण तेच ते लेख तासातासाला परत मोजले जाऊ लागले. चूक यांची आणि मीटर माझं.

अपडेट: अकरा आठवड्यांनी नवीन व्हर्जन आलं, आता जीएमटीची वेळ वापरतो आणि झेड योग्य जागी बसलाय. लुकबॅक शून्यावर आणून महिना झाला, एकही लेख गळला नाही. रिलीज नोटमध्ये लिहिलंय, ‘किरकोळ सुधारणा’. किरकोळ!

कचऱ्यात टाकलेला लेख आमच्याकडे तसाच राहतो, ते अजून आहेच. पब्लिश झालेलेच लेख मागितले की डिलीट झालेला नुसता गायब होतो, तो गेला हे कुणी सांगत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा नुसते आयडी आणून ताळा करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती कनेक्टरच्या बाहेरून चालते, म्हणजे मोजली जात नाही.

पाचपैकी साडेतीन. रोज एकदा सिंक पुरत असेल तर बिनधास्त घ्या. गळालेले जुने बदल भरून काढायला शेवटी पूर्ण रिसिंक करावाच लागला, ते रेकॉर्ड यांनी माझ्याच कोट्यातून कापले, आणि वर सांगितलेलं चालू तिकीट आहे ते हेच.