पीएस५, सिरीज एक्स की सिरीज एस: डेव्हलपरचा हात कशावर बसलाय ते आधी बघा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कन्सोल बघायला गेलात की टेराफ्लॉप्सचे (ग्राफिक्सच्या ताकदीचं माप) आकडे कानावर पडतात. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२.१५, सोनीचा पीएस५ १०.२८, एक्सबॉक्सचाच धाकटा सिरीज एस ४. या हिशेबाने सिरीज एक्स प्रत्येक गेममध्ये पुढे हवा. पण २०२० च्या नोव्हेंबरात 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' आला तेव्हा पीएस५ वर सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) जास्त नीट टिकले आणि सिरीज एक्सवर चित्र फाटताना दिसलं. सोनीची डेव्हलपमेंट टूल्स (गेम बनवायची साधनं) पीएस४ च्याच वळणाची होती, मायक्रोसॉफ्टने मात्र त्याच सुमाराला स्टुडिओंच्या हातात नवा संच दिला होता. पीएस५ च्या जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, जास्त (२.२३ विरुद्ध १.८२५ गिगाहर्ट्झ) हेही त्यात आलंच.

याहून मोठा दाखला पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० चा. ३६० मध्ये एकसारखे तीन कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि सगळ्यांना सामाईक ५१२ एमबी मेमरी. पीसीवर डायरेक्टएक्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या गेम बनवायच्या संचात) काम केलेल्या माणसाला फार काही नवं नव्हतं. पीएस३ मध्ये एक मुख्य कोअर आणि गेमसाठी एसपीई नावाचे सहा छोटे मदतनीस कोअर. प्रत्येक एसपीईजवळ स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी, त्यातच कोडही बसवायचा आणि डेटाही. मुख्य मेमरीतला डेटा डीएमएने (डेटा परस्पर हलवणाऱ्या यंत्रणेने) आधीच मागवून ठेवावा लागे, नाहीतर एसपीई नुसता वाट बघत बसे. त्यात मेमरीही २५६-२५६ एमबी अशी मुख्य आणि ग्राफिक्सची म्हणून विभागलेली. ३६० साठी लिहिलेला गेम नंतर पीएस३ वर आणताना गाडी इथेच अडायची. २००९ चा 'बायोनेटा' पीएस३ वर ३६० पेक्षा उघड रखडत चालायचा. काही स्टुडिओंनी मग उलटा रस्ता धरला: आधी पीएस३, मग ३६०. एसपीईसाठी छोट्या तुकड्यांत कापलेलं काम ३६० च्या तीन कोअरवरही मजेत धावतं. 'द लास्ट ऑफ अस'ला २०१३ उजाडलं; त्या मशीनमधून काय निघू शकतं ते तिथे दिसलं, पण तोवर पीएस४ दारात होता.

म्हणून सोपं मशीनच जिंकतं असं मात्र नाही. पीएस२ ही अवघडच होता, पण १५ कोटींहून जास्त खपला. एवढं गिऱ्हाईक असेल तर स्टुडिओ झक मारत शिकतात. पीएस३ ३६० नंतर वर्षभराने आला आणि महागही होता, त्यामुळे त्याच्या वाट्याला हे आलं नाही.

आता दोन्हीकडे एएमडीचे प्रोसेसर आहेत, रचना पीसीसारखी आहे आणि टूल्सही रुळली आहेत. त्यामुळे पीएस५ आणि सिरीज एक्समधला फरक बहुतेक गेममध्ये शोधावा लागतो. या दोघांत निवडताना एक्सक्लुझिव्ह गेम (जे एकाच कन्सोलवर मिळतात) आणि मित्रमंडळी कशावर खेळतात ते बघा, टेराफ्लॉप्स विसरा.

सिरीज एसचं मात्र वेगळं. तिथे अडतं ते मेमरीपाशी, डेव्हलपरचा हात कितीही बसला तरी. १० जीबी मेमरी, त्यातली वेगवान ८. मोठ्या भावंडाकडे १६. गेम दोन्ही एक्सबॉक्सवर चालला पाहिजे ही मायक्रोसॉफ्टची अट, म्हणून स्टुडिओला जास्त वेळ एसवर घालवावा लागतो. 'बाल्डर्स गेट ३' पीएस५ वर सप्टेंबर २०२३ ला आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरात, आणि एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय) गाळूनच. १०८०पी टीव्ही आणि गेम पास (मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी) एवढीच गरज असेल तर एस घ्या. चार-पाच वर्षं नवे मोठे गेम खेळायचे असतील तर नको.

मुंबईत आणखी एक हिशेब असतो, जुन्या डिस्कचा. खेळून झालेली डिस्क विकून दुसरी आणायची सवय असेल तर एस बाद, त्याला ड्राइव्हच नाही. पीएस५ घेतानाही डिजिटल मॉडेल हातात पडत नाही ना, बघा.

स्टोरेज वाढवायचं तर पीएस५ मध्ये जेन४ एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज चिपची पट्टी) बसते: वाचण्याचा वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, हीटसिंकसकट (उष्णता काढणाऱ्या पत्र्यासकट) जाडी ११.२५ मिमीच्या आत. जाड हीटसिंकवाली उचललीत तर ती खाचेत बसणारच नाही. सिरीज एक्स आणि एसला त्यांचंच खास कार्ड लागतं. यूएसबी हार्ड डिस्कवर नवे गेम साठवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत, दोन्हीकडे.